चुका काढण्याआधी

आमच्या दुकानात रोज शे-दीडशे चुका होतात, असं सांगितलं की नवा माणूस दचकतो. मग हे हसून मूठ उघडतात आणि तळहातावरचे बारीक खिळे दाखवतात. सुतारकामात या खिळ्यांना चुकाच म्हणतात. तसबिरीच्या मागचा हार्डबोर्ड अशा चुकांनी लाकडी पट्टीला धरून ठेवलेला असतो. नवी फ्रेम करायची तर चुका ठोकायच्या आणि जुनी उघडायची तर पकडीने चुका काढायच्या. बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचं फ्रेमचं लहानसं दुकान आहे. सासऱ्यांच्या काळापासून तिथे हेच काम चालत आलं आहे.

मी १९८४ साली लग्न होऊन या घरात आले. आधी फक्त दुपारचा डबा घेऊन दुकानात जायची. मग गल्ल्यावर बसू लागले आणि हळूहळू पावत्या लिहिणं, मापं घेणं, गिऱ्हाइकाला पट्ट्यांचे नमुने दाखवणं ही कामं माझ्याकडे आली. पट्ट्या कापणं, जोडणं, काच कापणं हे काम यांचं आणि आमच्या चाचांचं. चाचा सासऱ्यांच्या हाताखाली शिकले. पट्टी पंचेचाळीस अंशात कापली आहे की नाही, हे ते गुण्या न लावता नुसतं बोट फिरवून सांगत.

बडोद्यात मराठी घरं पुष्कळ आणि चित्रांची आवड जुनी. राजा रविवर्म्यांनी इथल्या महाराजांसाठी काढलेली चित्रं आजही लक्ष्मीविलास राजवाड्यात आणि त्याच्या आवारातल्या संग्रहालयात आहेत. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. अशी छापील चित्रं, काहींवर घरातल्या बायकांनी जरी-टिकल्या लावलेल्या, अजून आमच्याकडे फ्रेम बदलायला येतात. विद्यापीठाच्या फाइन आर्ट्सची मुलंमुली आपली चित्रं घेऊन येतात. शिवाय भरतकाम, पदवीची प्रमाणपत्रं, देवांच्या तसबिरी आणि तेराव्याच्या आत हवे असलेले गेलेल्या माणसांचे फोटो. या शेवटच्या कामाला आम्ही कधी 'उद्या या' म्हणत नाही.

मला सांगायचं आहे ते अशाच एका फोटोविषयी.

२००३ च्या पावसाळ्यात एक काकू दुकानात आल्या. सत्तरीच्या असतील. जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली तसबीर त्यांनी टेबलावर ठेवली. आत त्यांच्या यजमानांचा फोटो होता. ते एका हायस्कुलात मास्तर होते आणि १९७९ साली गेले होते. फोटो काळापांढरा, पण त्या काळच्या पद्धतीप्रमाणे स्टुडिओवाल्याने हाताने रंगवलेला. गालावर किंचित गुलाबी, कोटाला निळसर रंग. भिंतीला ओल आल्यामुळे मागचा पुठ्ठा फुगला होता आणि काचेच्या कडेला तपकिरी डाग दिसत होते.

"काही नवीन नको," काकू म्हणाल्या. "काच आतून पुसून द्या आणि मागचा पुठ्ठा बदला. यांना फोटोची हौस नव्हती. एवढा एकच आहे."

मी पावती लिहिली. 'जुना फोटो, काच सफाई, हार्डबोर्ड.' संध्याकाळी देऊ म्हणून सांगितलं.

दुपारी चाचा जेवायला गेले होते. यांनी तसबीर पालथी घातली, चुका काढल्या, पुठ्ठा उचलला. फोटो काचेला चिकटलेला होता. त्यात नवल काही नव्हतं, जुन्या फ्रेमांत असं होतंच. यांनी पातळ सुरीचं टोक कोपऱ्यातून आत घातलं. कोपरा सुटला. थोडं पुढे सरकवलं, आणखी सुटलं. मग एकदम टर्र असा बारीक आवाज आला. मी गल्ल्यावरून उठून आले. यांच्या एका हातात कागद होता आणि दुसऱ्या हातात काच. कागदावर कोट होता, गळपट्टी होती आणि त्यावर चेहऱ्याच्या जागी एक पांढरा डाग. चेहरा काचेवर राहिला होता, तोही तुकड्या-तुकड्यांनी.

असं का होतं, ते आता मी गिऱ्हाइकांना समजावून सांगते. फोटोच्या कागदावर जो थर असतो तो जिलेटिनचा, म्हणजे सरसाचाच भाऊ. दोन्ही जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतात. आमच्या धंद्यात सरस लाकूड चिकटवायला वापरत आले आहेत. ओल लागली की तो थर मऊ होतो आणि काचेला टेकलेला असला तर वाळताना तिला धरून बसतो. म्हणून फोटो काचेला टेकू देऊ नये, मध्ये जाड पुठ्ठ्याचं माउंट घालून हवेला जागा ठेवावी. पूर्वी बहुतेक ठिकाणी चार पैसे वाचवायला फोटो थेट काचेला लावत. काकूंची तसबीर आमच्याच दुकानात, सासऱ्यांच्या हातची झालेली होती. मागच्या बाजूला त्यांचा शिक्का होता.

संध्याकाळी काकू आल्या. हे कधी गिऱ्हाइकाशी फार बोलत नाहीत, पण त्या दिवशी स्वतः पुढे झाले आणि झालं ते सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. काकूंनी आधी कागद पाहिला. मग काच हातात घेऊन दिव्यासमोर धरली आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"असू दे," शेवटी त्या म्हणाल्या. "जुनाच झाला होता." आणि कमरेची पिशवी काढून विचारलं, "किती झाले?"

त्या ओरडल्या असत्या, भांडल्या असत्या तर आम्हाला बरं वाटलं असतं. यांनी नुसतीच मान हलवली. काकूंनी काच आणि कागद दोन्ही त्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलं आणि पायऱ्या उतरून गेल्या. त्या रात्री हे जेवले नाहीत.

फोटो उघडण्याआधी त्याची नक्कल काढून ठेवावी हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. कोपऱ्यावरचा स्टुडिओवाला काढून द्यायचा. पण त्याला बोलवायचं, रोल संपेपर्यंत थांबायचं, मग तो धुऊन यायचा. चार दिवसांचा उद्योग आणि वर पैसे. पन्नास-साठ रुपयांच्या कामासाठी तेवढं कोण करतो? आम्हीही केलं नाही.

आमचा मुलगा तेव्हा इंजिनीअरिंगला होता. तो म्हणाला, "बाबा, डिजिटल कॅमेरा घेऊ या. रोल नाही, धुणं नाही. काढला की लगेच दिसतो." सासूबाई म्हणाल्या, "फ्रेमवाल्याला कॅमेरा कशाला? आपण काय फोटोवाले?" किंमत ऐकून मीही गप्प झाले. तीन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला १८ हजार रुपये. तेवढ्यात पट्ट्यांचा दिवाळीचा सगळा माल आला असता. पण हे ठाम होते. दिवाळीच्या आधी कॅमेरा आला आणि लक्ष्मीपूजनाला वजनकाट्याशेजारी मांडला गेला.

मुलाने त्या वेळी एक गोष्ट सांगितली होती. पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनीअरने बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत आणि त्या चित्रात सगळे मिळून दहा हजार ठिपके. आमच्या कॅमेऱ्यात तीस लाखांहून जास्त होते. हे ऐकून चाचा म्हणाले, "ठिपके मोजून काय करायचं? चेहरा निघाला पाहिजे."

तो निघता निघेना. पहिल्या दिवशी आम्ही काढलेल्या प्रत्येक तसबिरीच्या मधोमध फ्लॅशचा पांढरा गोळा. फ्लॅश बंद केला, तर काचेत यांचं पोट आणि मागचा रस्ता. ट्यूबलाइटखाली काढले की सगळे देव हिरवट. शिवाय चौकोनी तसबीर फोटोत वर निमुळती व्हायची, कारण कॅमेरा तिरका धरलेला असायचा. जवळून काढलं तर सरळ पट्ट्या फुगून बाहेर यायच्या.

एकेक करून उपाय सापडले. काही फाइन आर्ट्सच्या मुलांनी सांगितले, काही आमचे आम्हाला सुचले. तसबीर दाराशी आणायची, म्हणजे दिवसाचा उजेड बाजूने पडतो. समोर काळं कापड धरायचं, त्याला भोक पाडायचं आणि भोकातून फक्त कॅमेऱ्याचं भिंग बाहेर काढायचं. काचेत मग काळ्या कापडाशिवाय काही दिसत नाही. कॅमेरा तिपाईवर ठेवायचा, थोडा लांब, आणि झूम करून चित्र जवळ आणायचं, म्हणजे कडा फुगत नाहीत. कॅमेरा अगदी समोरासमोर आहे की नाही हे पाहायला चित्राच्या मध्यावर एक लहान आरसा सपाट धरायचा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर भिंगाचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं की समजावं, तिरकं काही नाही. यासाठी मी माझ्या पावडरच्या डबीतला आरसा दिला, तो परत मिळाला नाही.

तेव्हापासून दुकानाचा एक नियम झाला. काम आलं की पावती लिहायची, पावती चित्राच्या शेजारी ठेवायची आणि दोघांचा मिळून फोटो काढायचा. पुढून एक, मागून एक, आणि डाग, चिरा, वाळवीची भोकं असतील त्यांचे जवळून. ते झाल्याशिवाय पकडीला हात लावायचा नाही.

या नियमाचा फायदा काय झाला ते सांगते. एक गृहस्थ तयार झालेलं चित्र न्यायला आले आणि कोपऱ्यावर ओरखडा दाखवून तावातावाने बोलू लागले. आम्ही संगणकावर आणलेल्या दिवशीचा फोटो दाखवला. ओरखडा तेव्हाचाच होता. गृहस्थ ओशाळले, आम्ही चहा मागवला आणि विषय मिटला. पण त्याच महिन्यात उलटंही घडलं. एका बाईंच्या भरतकामावर बारीक डाग होता. चाचा छातीवर हात ठेवून सांगत होते की तो आधीपासूनचा आहे. फोटो पाहिला, तर कापड स्वच्छ. डाग आमच्याच डिंकाचा होता. चाचांना फार लागलं. आम्ही कामाचे पैसे घेतले नाहीत आणि भरपाईही दिली. कॅमेरा आपल्या बाजूने साक्ष द्यायला आणला होता. तो कोणाच्याही बाजूचा नाही, हे त्या दिवशी कळलं.

धंद्यालाही मदत झाली. पूर्वी गिऱ्हाईक चित्राच्या कोपऱ्यावर पट्टीचा तुकडा ठेवून पाहायचं आणि बाकीची फ्रेम मनात रंगवायचं. आता चित्राचा फोटो संगणकावर घेऊन मुलगा त्याभोवती तीन-चार पट्ट्या लावून दाखवू लागला. लोक भिंतीचा फोटो आणू लागले. भिंतीवर वर्तमानपत्राचं एक पान चिकटवून फोटो काढायला आम्ही सांगत असू, म्हणजे पानाच्या मापावरून फ्रेमचं माप काढता येई. 'घरी गेल्यावर मोठी वाटली, लहान वाटली' या तक्रारी बंद झाल्या.

कॅमेऱ्याचे पैसे दीड वर्षात निघाले. पण यांच्या मनातला हिशेब निघाला नव्हता. काकू त्यानंतर दुकानात आल्या नाहीत. बाजारात दिसल्या की हे रस्ता बदलत.

२००५ च्या जूनअखेर बडोद्यात धो धो पाऊस कोसळला आणि विश्वामित्रीला पूर आला. आमची नदी एरवी मगरींमुळे प्रसिद्ध, पण त्या वर्षी तिने माणसांच्या घरात ठाण मांडलं. पाणी ओसरल्यावर आमच्या दुकानासमोर रांग लागली. लोकांच्या हातात चिखलाने माखलेल्या तसबिरी. लग्नाचे फोटो, बारशाचे फोटो, आजोबांचे फोटो. कोणी ओलेच आणले, कोणी उन्हात वाळवून आणले. वाळवलेले जवळजवळ सगळे काचेला चिकटले होते.

त्या दोन आठवड्यांत हे आणि मुलगा सकाळी सातपासून दारात कॅमेरा लावून बसत. आधी काचेतूनच फोटो काढायचा, मग पुढचं काय ते ठरवायचं. जे फोटो अजून ओले होते ते चाचा काचेसकट स्वच्छ थंड पाण्याच्या परातीत ठेवत. बरेचसे आपोआप अलगद सुटून वर येत. मग ते चेहरा वर करून सावलीत वाळवायचे. रंगवलेले किंवा शाईने लिहिलेले मात्र पाण्यात घालायचे नाहीत, रंग वाहून जातो. आणि जे वाळून पक्के बसले आहेत त्यांना हात लावायचा नाही. काच बाहेरून पुसायची, मागचा पुठ्ठा बदलायचा आणि फोटो काचेसकट नव्या फ्रेममध्ये बसवायचा. शेजारी नक्कल द्यायची. किती घरांची भिंत त्या कॅमेऱ्याने वाचवली असेल, ते मोजलं नाही. चार्ज करायच्या सेलच्या तीन जोड्या मात्र त्यात संपल्या.

त्याच गर्दीत एका हायस्कुलाचा शिपाई हातगाडीवर बारा-तेरा मोठ्या तसबिरी घेऊन आला. शाळेच्या तळमजल्यावर पाणी शिरलं होतं. वर्षावर्षाचे शिक्षकांचे समूहफोटो, खाली पुठ्ठ्यावर छापलेली नावं. बसलेले, डावीकडून. उभे, पहिली ओळ. उभे, दुसरी ओळ. सगळे वाळून काचेला चिकटलेले. हे एकेक फोटो काढत होते आणि मी वहीत वर्षं लिहून घेत होते. १९६८ च्या फोटोपाशी यांचा हात थांबला. खाली बोट ठेवून ते मला म्हणाले, "हे नाव वाच."

मी वाचलं. दोन वर्षांपूर्वी मीच पावतीवर काकूंचं नाव लिहिलं होतं. आडनाव तेच आणि शाळाही तीच. दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसरे. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. चेहरा ओळखायची आम्हाला काही सोय नव्हती. तो आमच्याकडे आम्ही पुरता पाहिलाही नव्हता. पण गळपट्टीवरच्या मानेची ठेवण यांना आठवत होती.

मुलाने काढलेला फोटो संगणकावर मोठा करून पाहिला. चेहऱ्याच्या जागी चौकोनी ठिपक्यांची रांगोळी. पंधरा इंच रुंदीच्या फोटोत चाळीस माणसं, कॅमेऱ्याचे आडवे ठिपके दोन हजार. मास्तरांच्या चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम साठ-सत्तर आले होते. मुलगा म्हणाला, "एवढ्यात काही होणार नाही. जवळून पुन्हा काढू." मुख्याध्यापकांना फोन करून परवानगी विचारली. ते म्हणाले, "यात विचारायचं काय?" दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात, काळ्या कापडाआडून, तीन इंचांचाच भाग घेऊन यांनी फोटो काढला. एक नाही, चौदा. यांचे हात थरथरत होते, म्हणून शेवटी टायमर लावला. या वेळी चेहऱ्याला पाचपट ठिपके मिळाले. छापून आला तो पोस्टकार्डाहून लहान, पण डोळे डोळ्यांसारखे होते आणि कपाळावरची आठी दिसत होती. यांनी स्वतः सागवानी पट्टीची फ्रेम केली. काच आणि फोटोच्या मध्ये जाड माउंट घातलं.

आम्ही दोघं संध्याकाळी काकूंकडे गेलो. त्या दुसऱ्या मजल्यावर राहत, त्यामुळे पुरातून वाचल्या होत्या. यांना पाहून त्या क्षणभर गोंधळल्या, मग ओळख पटली. मी फ्रेम त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला. काही बोलल्या नाहीत. मग एकदम हसल्या.

"हा कोट!" त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सकाळी मी कोळशाच्या इस्त्रीने बाही जाळली. शाळेत फोटो आहे आणि दुसरा कोट नाही. केवढे चिडले होते! म्हणून बघा, बाकीच्यांचे हात पुढे बांधलेले आहेत का? यांनी डावा हात मागे घेतला असणार."

आम्ही आणलेल्या भागात हात नव्हताच. पण यांनी खिशातून पूर्ण समूहफोटोची प्रत काढून दाखवली. खरंच, ओळीतल्या सगळ्यांच्या हातांची घडी आणि मास्तरांचा डावा हात पाठीमागे. आठी कशाची ते आम्हाला तेव्हा कळलं.

काकू आत गेल्या आणि लुगड्याचं ते गाठोडं घेऊन आल्या. "ती काच मी टाकली नाही," त्या म्हणाल्या. "टाकवेना." गाठोडं सोडायला मी हात पुढे केला, तर यांनी मला थांबवलं. आधी कॅमेरा काढला, काकूंनाच गाठी हलकेच सोडायला सांगितल्या आणि खिडकीच्या उजेडात जसं होतं तसं आधी टिपून घेतलं. काचेवरचे बरेचसे तुकडे गळून गेले होते. एक कान आणि टोपीची कड एवढंच शिल्लक होतं. त्यातून पुढे काही जुळलं नाही. तरी त्याचीही प्रत आम्ही त्यांना नेऊन दिली.

निघताना काकूंनी विचारलं, "किती झाले?" आणि वर म्हणाल्या, "मागचेही द्यायचे राहिले आहेत." हे नको म्हणाले. त्या ऐकेनात. शेवटी यांनी अकरा रुपये घेतले. ते आजही गल्ल्यातल्या देवाच्या कप्प्यात आहेत.

नुकसान भरून निघालं असं मी म्हणणार नाही. रंगवलेला तो फोटो गेला तो गेलाच. कॅमेरा गेलेलं परत आणत नाही, हातात आहे ते जाण्याआधी टिपतो, एवढंच. आणि तेवढं करूनही निष्काळजी राहिलं तर तेही जातं. २००९ साली आमच्या संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली आणि सहा वर्षांच्या नोंदी एका दुपारी नाहीशा झाल्या. पुरातल्या नकलांतल्या ज्या लोकांनी छापून भिंतीवर लावल्या होत्या त्या वाचल्या. आमच्याकडच्या नाही. तेव्हापासून महत्त्वाचं काम आम्ही दोन ठिकाणी साठवतो आणि एक प्रत कागदावर काढतो.

आता दुकान मुलगा आणि सून बघतात. तो जुना कॅमेरा कपाटात आहे. त्याच्या कितीतरी पट ठिपके सुनेच्या मोबाइलमध्ये आहेत. फिल्मवर मोठी झालेली कोडॅक कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेल्याचं वाचलं, तेव्हा सॅसनची गोष्ट आठवली होती. घरोघर फोटो हजारोंनी निघतात. भिंतीवर मात्र फार थोडे येतात, हे आमच्यासारख्या फ्रेमवाल्यांइतकं कोणाला ठाऊक असणार?

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला पुन्हा मोठा पूर आला. पुन्हा दुकानासमोर ओल्या तसबिरी आल्या. चाचा आता नाहीत. यांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बारीक काम जमत नाही, पण ते खुर्चीवर येऊन बसले होते. एक तरुण मुलगा आईवडिलांच्या लग्नाचा फोटो घेऊन आला आणि घाईने म्हणाला, "काका, जरा उघडून द्या ना लवकर." सुनेच्या हातात पक्कड होतीच. तिने ती खाली ठेवली, फ्रेम दाराच्या उजेडाला नेली आणि मोबाइल काढला.

"दोन मिनिटं लागतील," ती त्याला म्हणाली. "आमच्याकडे चुका काढण्याआधी फोटो काढतात."

हे काही बोलले नाहीत. उठून काळं कापड धरायला गेले.